हायवेवर कॅप्सूल शोधणाऱ्यांनो, थँक्यू!

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या पर्थची मराठी मंडळी, आमच्यातले बरेच जण खाणींच्या कामासाठी न्यूमन गावाकडे जातात-येतात, म्हणून हे लिहितोय. जानेवारी २०२३ मध्ये तिकडच्याच एका खाणीतलं डेन्सिटी गेज (खनिजाची घनता मोजायचं यंत्र) ट्रकने पर्थला आणताना वाटेत त्याचा बोल्ट निघाला आणि आतली सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची कॅप्सूल रस्त्यावर कुठेतरी पडली, ८ मिमी उंच, ६ मिमी रुंद, म्हणजे वाटाण्याएवढीच, आणि रस्ता १४०० किमी! तिच्यापासून मीटरभर अंतरावर तासभर थांबलं तर १० एक्सरेइतकं रेडिएशन. २५ तारखेला पेटी उघडल्यावर कळलं आणि लोकांना सांगितलं २७ ला, त्यावर बोलायला लागलो तर आभार बाजूलाच राहतील.

ती कोणाच्या टायरच्या खाचेत अडकली असेल ही भीती होती, आमच्याकडेही सगळे पार्किंगमध्ये वाकून टायर बघत होते, हात लावू नका असं एकमेकांना ओरडत. आणि तुम्ही लोक पिलबारा भागाच्या त्या उन्हात डिटेक्टर घेऊन रस्ता पालथा घालत होतात. १ फेब्रुवारीला ७० च्या स्पीडने चाललेल्या गाडीतल्या मशीनने सिग्नल पकडला, मग हातातल्या मीटरने शोधत रस्त्याच्या कडेपासून २ मीटरवर सापडली, खरंच कमाल आहे! फायर सर्व्हिसवाले, रेडिएशनवाले, तुमची नावं आम्हाला माहीत नाहीत, पण मनापासून थँक्यू. यांच्यापैकी कोणी कुणाच्या ओळखीचं असेल तर प्लीज निरोप द्या, आमच्याकडे पुरणपोळीचं जेवण पक्कं.