रोबोट आला, दुरुस्त कोण करणार?

संपादक साहेब, गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा रोबोट कामाला लागला, तापलेले धातूचे भाग उचलायला. आता हे प्रकरण आपल्या गोव्यात, वेर्णेच्या औद्योगिक वसाहतीत पोचलंय. माझा भाचा तिथं एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, आधी खोके पॅलेटवर (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर) रचायला चौघं असायचे, आता रोबोटचा एक पिवळा हात रचतो आणि भाचा त्याच्याभोवतीच्या जाळीबाहेर उभा, जाळीचं दार जरा उघडलं की हात जागच्या जागी थांबतो म्हणे. त्याची कंबरदुखी गेली हे खरंच, पण बाकीचे तिघं? आणि बिघडला की इंजिनिअर पुण्याहून, तोवर सगळे चहाला! आयटीआयच्या पोरांना ही दुरुस्ती हाताला धरून शिकवा की.

— एक वाचक, फोंडा