नवऱ्याचे पेपर कंपनी करते, बायकापोरांचे कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अमक्याचा मुलगा जर्मनीला, तमक्याचा जावई हॉलंडला अशा अभिनंदनाच्या जाहिराती येतात, छान वाटतं बघून. पण त्यात बायको-पोरं कुठं नसतात आणि खरी दमछाक त्यांचीच होते म्हणून हे लिहितेय. आम्ही बेळगावातल्या शहापूरचे, सध्या नेदरलँड्समध्ये आईन्डहोवनला राहतो. शेजारी वेल्डहोवनला एएसएमएलचं, म्हणजे चिप बनवायची मशिनं करणाऱ्या कंपनीचं, हेड ऑफिस आहे, त्यामुळं आपल्याकडची इंजिनिअर पोरं तिथं भरपूर.

पहिलं म्हणजे कागदपत्रं. नवऱ्याचं सगळं कंपनीचा एचआर बघतो, आपल्याला फक्त एक मेल येतो, जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला अपॉस्टिल करून आणा, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारून आणा. आता सीमाभागातली गंमत बघा, नवरा बेळगावचा, बायको चंदगडची नाहीतर गडहिंग्लजची. नियम असा की दाखला ज्या राज्याचा, आधी त्या राज्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे एकाच घरातले निम्मे पेपर बेंगळुरूकडं आणि निम्मे मुंबईकडं! आमच्या एजंटनं तर ‘सगळं एकत्रच होतंय की वो’ म्हणून पैसे घेतले आणि नंतर फोन उचलायचं बंद केलं. जुना नुसता कन्नडमधला दाखला असेल तर इंग्लिश असलेली नवीन प्रत काढून घ्या, कारण तिथं डच, इंग्लिश, जर्मन नाहीतर फ्रेंचच चालतं, बाकी भाषांना अधिकृत भाषांतर लागतं. आणि स्पेलिंग! चौगुले आडनाव एका कागदावर सी-एच-ओ-यू, दुसऱ्यावर सी-एच-ए-यू, त्यात बायकांचं मधलं नाव कुठं वडलांचं कुठं नवऱ्याचं. हे सगळं गावी असतानाच सरळ करून घ्या, तिकडं गेल्यावर फोनवरनं सासऱ्यांना ऑफिसात पळवायला लागतं.

दुसरं घर. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यावर पाच दिवसांत खेमेंटेत, म्हणजे तिथल्या महापालिकेत, नाव नोंदवायचं असतं आणि त्यातनं बीएसएन, म्हणजे तिथला ओळख नंबर मिळतो, तो नसला की पगार, बँक, विमा सगळं लटकतं. पण काही घरमालक घर देतात आणि त्या पत्त्यावर नोंदणी करू देत नाहीत. डिपॉझिट भरायच्या आधी हे विचारा, घर कितीपण छान असू दे. घर बघताना फोटोतली फरशी पण तुमची समजू नका, ‘काल’ (kaal), म्हणजे पार रिकाम्या, प्रकारच्या भाड्याच्या घरात जुना भाडेकरू लॅमिनेट, पडदे, दिव्यांची होल्डरं सगळं काढून नेतो, राहतं उघडं काँक्रीट आणि छतातनं लोंबणाऱ्या वायरी. पहिला पगार त्यातच जातो. गावाकडं नातेवाईक विचारणार, किती साठले?

पोरांचं म्हणाल तर लहानांचं होतं. चार वर्षांची झाली की शाळेत घेतात, पाचव्या वर्षापासून सक्तीच. आपल्या पोरांना घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्लिश अशी सवय असते, त्यात डच भर पडली तर काय बिघडत नाही. पण मूल आठवी-नववीत असेल तर दहादा विचार करा. तिथं बारा वर्षांच्या आसपासच पोरांच्या व्हीएमबीओ (हातच्या कामाकडं), हावो (मधली), व्हीडब्ल्यूओ (विद्यापीठाकडं) अशा वाटा वेगळ्या होतात, आणि नवीन आलेल्या मोठ्या पोराला आधी भाषेच्या वर्गात बसवतात, इथं गणितात पहिला येणारा तिथं वर्ष-दोन वर्ष ‘ही खुर्ची, हे टेबल’ करत बसतो. हे आईबाप इथं कुणाला सांगत नाहीत.

डॉक्टरचं थोडक्यात. घराजवळच्या हाउसआर्ट्सकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, आधीच नाव घालून ठेवा, थेट स्पेशालिस्टकडं जाता येत नाही. तापाला पॅरासिटामोल घ्या आणि झोपा म्हणतात, इंजेक्शनची वाट बघू नका. विमा चार महिन्यांच्या आत काढावाच लागतो, त्यात मोठ्या माणसाला वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा खर्च आधी स्वतः सोसावा लागतो, अठरा वर्षांखालच्या पोरांना मात्र तो नियम नाही. हायली स्किल्ड, म्हणजे कुशल नोकरदाराच्या, व्हिसावाल्याच्या बायकोला नोकरी करायची मोकळीक असते, पण इथल्या बीएडला तिथं लगेच कोण विचारत नाही, हेही ठाऊक असू द्या.

आणि सासू-सासऱ्यांना ‘तुम्हीपण या, राहा आमच्याकडं’ असं सगळ्यांसमोर सांगून जाऊ नका. त्यांना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या थोड्या दिवसांच्या, व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, सोबत किमान ३०,००० युरोचा मेडिकल विमा लागतो. बोलवायचंच तर एप्रिल-मेमध्ये बोलवा. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, बिचारी दिवसभर खिडकीत बसून राहतात.

— एक वाचक, मूळची शहापूर, बेळगावची