मेट्रोशेजारी पार्किंगची सक्ती कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेट्रो स्थानकालगतच्या नव्या इमारतींना पार्किंगची अट आणखी कडक करा, ही कालच्या अंकातली मागणी वाचून राहवले नाही. पुण्यात स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात ४ पर्यंत एफएसआय (प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम) दिला तो लोकांनी मेट्रोने जावे म्हणून. त्याच इमारतीत गाड्यांची सोय सक्तीची करायची, तर मेट्रोने जाणार कोण?

कागदावर एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा पुरते. वळायची जागा, रॅम्प, खांब धरले की तळघरात तीच जागा ३२ चौरस मीटरपर्यंत जाते. १:१० उताराने तीन मीटर खाली उतरायचे तर नुसता रॅम्पच तीस मीटरचा. कर्वे रस्त्यामागच्या लहान प्लॉटवर हे बसतच नाही. मग आकडा भरायला बिल्डर दुमजली स्टॅक (एका गाडीच्या वर दुसरी उचलून ठेवणारे यंत्र) लावतो आणि नकाशात एकाच्या दोन गाड्या दिसतात.

खरा घोळ इथे आहे. साध्या स्टॅकमध्ये खालची गाडी काढल्याशिवाय वरची उतरत नाही. या दोन जागा दोन वेगळ्या फ्लॅटना दिल्या की रोज सकाळी भांडण ठरलेले. सेडानच्या मापाच्या पॅलेटवर (गाडी उभी राहते तो पाट) साधारण १.५५ मीटर उंचीची गाडी मावते; आजच्या बहुतेक एसयूव्ही १.६ मीटरच्या वर आहेत. खड्ड्यातला स्टॅक असेल तर पावसाळ्यात पाणी साठते, पंप बंद पडला की लिमिट स्विच (पॅलेट योग्य जागी थांबवणारा) आणि वायरिंग जाते. साखळी सैल झाली की पॅलेट एका अंगाला कलते, सेफ्टी लॉक सुटत नाही. वॉरंटी संपली की एएमसी (वार्षिक देखभाल करार) सोसायटीच्या गळ्यात. ज्यांच्याकडे गाडी नाही ते पैसे का देतील? एएमसी थकते, स्टॅक बंद पडतो, गाड्या रस्त्यावर येतात.

या पट्ट्यातली किमान पार्किंगची अट काढा आणि कमाल मर्यादा घाला. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून मोठ्या स्थानकांच्या अर्ध्या मैलात किमान पार्किंगची अट जवळजवळ सगळ्या बांधकामांना माफ केली आहे. दिव्यांगांच्या गाड्या, दुचाकी आणि अग्निशमन बंबाची वाट यांची जागा मात्र सोडलीच पाहिजे. जिथे स्टॅक असेल तिथे भोगवटापत्र देण्याआधी प्रत्येक पॅलेटवर गाडी चढवून, मेन स्विच पाडून, जनरेटरवर ती उतरवून बघावी. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने २०२४ पासून करारनाम्याला पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची जोडणे बंधनकारक केले आहे. घर घेणाऱ्यांनी त्यातली उंची वाचल्याशिवाय सही करू नये.

आणि पार्किंगवर एवढे लिहिता, तर स्थानकाबाहेरच्या पदपथांवरही लिहा. विजेच्या डीपीच्या पेट्या आणि उखडलेले ब्लॉक चुकवत ज्येष्ठांना रस्त्यावर उतरावे लागते. पाचशे मीटर चालता येत नसेल तर माणूस गाडीच काढणार.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे