चर्चापानावर परत ये

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘त्या लेखाला आता हात लावणार नाही’ हे शेवटचं वाक्य फार लागलं. इतकी वर्षं आपण दोघं विकिपीडियावर फिगर स्केटिंगचे लेख लिहितोय, आणि एका अनोळखी सदस्याने तुझी ओळ दोनदा उलटवली, म्हणजे काढून टाकली, म्हणून तू उठून जायचं? मला हे पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पानाचा इतिहास उघडून सगळं नीट पाहिलं. तू लिहिलंस की स्पर्धेतली पहिली क्वाड ॲक्सेल उडी जपानच्या युझुरू हान्यूची, बीजिंग ऑलिंपिक, फेब्रुवारी २०२२. त्या सदस्याने ते काढून अमेरिकेच्या इलिया मालिनिनचं नाव घातलं, लेक प्लॅसिड, सप्टेंबर २०२२. तू परत आणलंस, त्याने परत काढलं. बदलासोबतचा तुझा शेरा, ‘इतिहास पुसू नका.’ त्याचा शेरा, ‘पडलेली उडी धरत नाहीत.’ लेखाच्या चर्चापानावर, जिथे असे वाद बोलून मिटवायचे असतात, मात्र दोघांचंही एक अक्षर नाही! सगळं भांडण त्या चार शब्दांच्या शेऱ्यांमध्ये.

आता गुणपत्रक समोर घे. ॲक्सेल पुढे तोंड करून मारतात, त्यामुळे क्वाड म्हटला तरी हवेत साडेचार फेऱ्या लागतात. हान्यूच्या फेऱ्या कमी भरल्या आणि तो पडला. पण कमी पडलेला भाग अर्ध्या फेरीच्या आत होता, म्हणून पंचांनी अपूर्ण फेऱ्यांची खूण करूनही उडीचं नाव क्वाड ॲक्सेल हेच ठेवलं. अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त कमी भरली असती, तर तीच उडी ट्रिपल म्हणून धरली गेली असती. मालिनिनने ती पूर्ण केली आणि नीट उतरला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. म्हणजे तू नोंदीबद्दल बोलतोयस आणि तो उतरण्याबद्दल. खरा कागद दोघांच्याही हातात आहे. ‘पहिला’ हा एकच शब्द तुम्ही दोन प्रश्नांच्या उत्तराला वापरताय.

मी हे शहाणपण घेऊन जन्माला आलो नाही, हे तुला ठाऊक आहे. सर्वोच्च गुणांच्या तक्त्यावरून मी किती ताणलं होतं आठवतं? हान्यूने २०१५ च्या ग्रांप्री फायनलमध्ये, बार्सिलोनात, ३३०.४३ गुण मिळवले. तो कार्यक्रम मी इतक्या वेळा पाहिलाय की अमेरिकेच्या नेथन चेनच्या ३३५.३० ने, २०१९ मध्ये तुरिनला, तो आकडा मागे पडला हे मला लिहववेना. मग मी युक्तिवाद शोधला आणि तो खराही होता. २०१८-१९ च्या हंगामापासून अंमलबजावणीचे गुण, म्हणजे उडी किंवा गिरकी किती चांगली झाली याचे गुण, उणे ३ ते अधिक ३ ऐवजी उणे ५ ते अधिक ५ असे झाले, आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने जुने आकडे ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवून नवी नोंद सुरू केली. पण या खऱ्या गोष्टीच्या आधाराने मी करत काय होतो, तर चेनचा आकडा तक्त्यातून काढत होतो. तीन आठवडे वाद चालला. शेवटी कुठल्याच बाजूचा नसलेला एक सदस्य आला आणि त्याने एवढंच विचारलं, ‘युनियन स्वतः हे आकडे कसे मांडते?’ दोन वेगळ्या याद्यांत. आम्हीही दोन तक्ते केले, प्रत्येकावर हंगाम लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी पानावर शांतता. त्या सदस्याला स्केटिंगमधलं फारसं कळत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच त्याला तो प्रश्न सुचला.

तेव्हापासून वाद पेटला की मी आधी बघतो, या वाक्याला खरंच आधार मिळू शकतो का. कधीकधी मिळूच शकत नाही. सोची ऑलिंपिकचं उदाहरण घे. २०१४ मध्ये रशियाच्या अदेलिना सोत्निकोवाला २२४.५९ आणि सुवर्ण, कोरियाच्या युना किमला २१९.११ आणि रौप्य. त्या लेखात कुणीतरी सारखं घालायचं की अमुक देशाच्या पंचाने अमुक गुण दिले. पण त्या काळी गुणपत्रकात कुठले गुण कुठल्या पंचाचे हे कळतच नसे. सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये २००२ ला जोड्यांच्या निकालावरून गदारोळ झाला आणि कॅनडाच्या साले-पेल्तिए जोडीलाही नंतर सुवर्ण द्यावं लागलं, त्यानंतर पंचांवर दबाव येऊ नये म्हणून ही गुप्तता आणली होती. ती २०१६ मध्ये उठली. मग सोचीच्या रकान्यांना नावं जोडायची कशी? राग मला समजतो. कोरियाने केलेली तक्रार फेटाळली गेली, हे लेखात यायलाच हवं. पण अंदाजाने एखाद्या पंचाचं नाव घालणं म्हणजे जिवंत माणसावर विनापुरावा ठपका ठेवणं. असा मजकूर दिसला की मी चर्चेची वाट न बघता काढतो, आणि पुन्हा आला तर पुन्हा काढतो. तीन वेळा उलटवण्याच्या नियमातून एवढ्याला सूट आहे.

सगळ्यात जास्त थकवलं ते बीजिंगच्या सांघिक स्पर्धेने. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पर्धा संपली, पदक समारंभ झालाच नाही, आणि रोज कुणी ना कुणी येऊन पदकांचा रंग बदलून जायचं. निकालच लागला नव्हता तर काय लिहिणार? आम्ही बर्फावरचा क्रम तसाच ठेवला आणि ‘पदकं प्रलंबित’ अशी टीप दिली. कुणाचंच समाधान झालं नाही, पण खोटं एकही अक्षर नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने रशियन संघातल्या कमिला वालियेवाला उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांसाठी अपात्र ठरवलं. युनियनने तिचे २० गुण वजा केले, रशियन संघ ७४ वरून ५४ वर आला. अमेरिका ६५, जपान ६३, कॅनडा ५३. लगेच नवा वाद. ती बाद झाली तर मागच्या खेळाडू एकेक जागा वर सरकायला हव्यात, मग कॅनडाचे ५५ होतात, कांस्य त्यांचं! बेरीज बरोबर होती. मलाही मनातून तेच न्याय्य वाटत होतं. पण ती आपली बेरीज, युनियनची नव्हे. कॅनडाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं, आणि लेखात आम्ही निकाल, आक्षेप आणि अपील तिन्ही त्या क्रमाने लिहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना पदकं मिळाली, ती ओळ लिहिताना मला खरोखर भरून आलं.

आणि त्या सगळ्यात एक गोष्ट मी कुणालाच सोडू दिली नाही. ती मुलगी तेव्हा १५ वर्षांची होती. तिच्यावरच्या लेखात विशेषणं नकोत, फक्त तारखा, निर्णय आणि कुणी काय म्हटलं ते. यावरून मी दोन ओळखीच्या सदस्यांशी वाईटपणा घेतला. आजही घेईन.

तुझ्याकडे वळतो. तू एकदा उलटवून झालंय, पुन्हा उलटवू नकोस. २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की अडवणूक होऊ शकते हे खरं, पण तीन हा काही कोटा नाही, त्याआधीही ते संपादन-युद्धच धरतात. चर्चापानावर जा, त्या सदस्याला साद घाल, आणि त्याचा मुद्दा आधी तुझ्या शब्दांत नीट मांड, त्याला ‘हो, हेच’ म्हणता येईल इतका नीट. मग खाली हा मसुदा ठेव:

‘बीजिंग २०२२ मध्ये हान्यूचा प्रयत्न अपूर्ण फेऱ्यांच्या खुणेसह क्वाड ॲक्सेल म्हणून नोंदला गेला. ही उडी स्पर्धेत यशस्वीपणे पूर्ण करणारा पहिला स्केटर मालिनिन ठरला.’

त्यात शब्द बदलायचे असतील तर त्याला बदलू दे. तुम्ही दोघंच असलात आणि गाडं अडलं तर तिसरं मत मागता येतं. तेही पुरलं नाही तर सगळ्यांकडून मतं मागवा, त्याला साधारण महिनाभर लागतो आणि तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. पण इथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. त्याची बाकीची संपादनं मी पाहिली. ज्युनिअर स्पर्धांचे निकाल तो रात्र रात्र बसून भरतो, प्रत्येक ओळीला संदर्भ देतो. आपल्यासारखाच वेडा आहे.

मी या वादात उतरत नाही. मी तुझा मित्र आहे हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, आणि मी हो म्हटलं तर त्याला दोघांनी घेरल्यासारखं वाटेल.

वाट पाहतो.

तुझाच,
जुना सोबती

ता. क. त्याच पानावर कुणीतरी जुन्या स्पर्धांच्या शीर्षकांत ‘लेडीज’चं ‘विमेन’ करून ठेवलंय. युनियनने हे नाव २०२१ मध्ये बदललं, त्याआधीच्या स्पर्धांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. त्याला आत्ता हात लावू नकोस, क्वाड ॲक्सेल मिटल्यावर आपण तिघं मिळून बघू.