दादा सातव्या वचनावर थांबला

प्रिय सुमे,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं नाताळचं कार्ड आलं, ईस्टरचा मेसेज आला, मधले फोन वाजले तेही मी ऐकले. उत्तर दिलं नाही. काय शिव्या द्यायच्या त्या भेटलीस की दे, आता आधी ऐक. तब्येत बरी. गुडघे आहेत तसेच आहेत, शुगर गोळीवर चाललीय. झालं.

चर्चमधल्या गेल्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली नाही, द्राक्षरसाचा पेलाही घेतला नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या महिन्यात घे की." सूनबाईला वाटलं, मला ॲसिडिटी झाली असेल.

आपल्याकडे अजून ट्रे बाकांवरूनच फिरतो. नव्या पाळकसाहेबांनी सगळ्यांना पुढे बोलावून गुडघे टेकवायला लावायचं काढलं होतं, पण निम्मी मंडळी गुडघेदुखीची, त्यामुळे तो बेत तिथेच बसला. तर आमच्या बाजूला ट्रे घेऊन कोण यावं? दादा. पांढरा सदरा, मनगटात अण्णांचं घड्याळ. ते काचेचे इवलेसे पेले चालताना एकमेकांना लागून किणकिणतात ना, तसे किणकिणत तो माझ्यापर्यंत आला आणि थांबला. भाकर फिरली तेव्हा वाढणारे दुसरे डीकन होते, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दादाच्या आलं. मी हात मांडीवरून उचलले नाहीत. तो ट्रे धरून उभा. मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. मग त्याने ट्रे पुढे केला, शेजारच्या पोरीने घेतला. उपासना सुटून मी चपला शोधेपर्यंत महिला मंडळात बातमी पोचली होती.

विषय वडिलांच्या मळ्याचा, आणखी कशाचा असणार? अण्णांच्या मातीला तू आलेलीस, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात तुझ्याशी काय कुजबुजली ते तूच मला सांगितलंस. मी तेव्हा तुझ्यावरच चिडले होते, की माती ओली आहे तोवर तुला हे सांगायचं सुचतं कसं. ते भांडण तू जिंकलीस, लिहून घे.

दादा हक्कसोडपत्र टाइप करून घेऊनच आला. कागद आणि पवित्र शास्त्र एकाच पिशवीत. चहा झाला, प्रार्थना झाली, मग त्याने प्रेषित पौलाचं पत्र, पहिले करिंथ, त्याचा सहावा अध्याय काढला. भावाने भावावर फिर्याद करावी आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, ह्याची पौलाला लाज वाटते, तो भाग. मग सातवं वचन: त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही, नुकसान का सोसून घेत नाही? एवढं वाचून दादाने पुस्तक मिटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

सुमे, मी फिर्यादीचा फ सुद्धा काढला नव्हता. मी फक्त म्हटलं होतं की तिघांची वारस नोंद होऊ दे.

रात्री मी आजीची केडगावची प्रत काढली. पंडिता रमाबाईंचं भाषांतर, १९२४ साली छापलेलं, तिथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून. पानं आता हात लागला की तुटतात, म्हणून मी ती सहसा काढत नाही. ज्या बाईने हे पान जुळवलं तिच्या नावावर वीतभर तरी जमीन असेल का, असा एक विचार उगाच येऊन गेला. तर सातव्याच्या खाली आठवं वचन आहेच. तिथे पौल म्हणतो, उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता, आणि तेही भावांना! आणि वर पाचव्यात विचारतो, भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आमच्यात आहे की. मंडळीची पंच कमिटी आहे. तिचा सेक्रेटरी कोण ते तुला ठाऊक आहे.

सातवं वचन ज्याचं जाणार आहे त्याला आहे, आठवं ज्याच्या पदरात पडणार आहे त्याला. माझं मी सातवं वाचावं आणि दादाने त्याचं आठवं, तर दोघांचंही भलं होईल. आमच्या घरी मात्र दोघंही समोरच्याचं वचन पाठ करून बसलोत. मी पण, हसू नकोस. मला आठवं आता तोंडपाठ आहे.

मग पाळकसाहेब आले. दादाकडे जेवून माझ्याकडे चहाला. त्यांनी उत्पत्ती तेरा काढला, अब्राम आणि लोट. गुराख्यांची भांडणं झाली तेव्हा अब्रामाने कसं मन मोठं केलं, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन म्हणाला. "ताई, तुम्ही अब्राम व्हा." मी म्हटलं, साहेब, अब्राम चुलता होता, वडीलधारा होता, पहिली निवड त्याचीच होती आणि ती त्याने धाकट्याला दिली. आमच्यात थोरला कोण? त्यांनी बशीत चहा ओतला. मी पुढे म्हटलं, यार्देनेकडचा पाण्याचा भाग लोटाने उचलला, त्याचं पुढे सदोमात काय झालं तेही एकदा संदेशात घ्या. ह्यांनी मला आतून खूण केली की पुरे. चहा मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागितला, म्हणजे फार रागावले नसावेत. चांगला मुलगा आहे गं, कोवळा आहे.

आता तू म्हणशील सलाफहादाच्या मुली, बापाच्या वतनात वाटा मागणाऱ्या. त्या कशा विसरेन? शास्त्रस्पर्धेत त्या पाच बहिणींची नावं विचारली आणि तू माईकवर ठणकावून "नोहा" म्हणालीस. नोआ नव्हे, नोहा! तारवातला! शील्ड गेली, आणि तू आजतागायत म्हणतेस की परीक्षकच बहिरे होते.

मी गणना सत्तावीस परत वाचला. पूर्वी वाटायचं की हे आपल्या बाजूचं हुकमी पान. पण नीट वाचलं तर त्यांना भाऊच नव्हता. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला तर दोन भाऊ आहेत, त्यामुळे हे पान माझ्या कामाचं नाही. आणि छत्तिसाव्या अध्यायात कुळातली वडील मंडळी येऊन तक्रार करतातच, की ह्या बाहेर लग्न करतील आणि वतन दुसऱ्या वंशात जाईल. शब्दन् शब्द वहिनी! मला मात्र एक गोष्ट धरून ठेवावीशी वाटली. त्या पाचजणी निवासमंडपाच्या दाराशी मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या, आणि मोशेने त्यांना "सोसून घ्या" असं सांगितलं नाही. त्याने त्यांचं म्हणणं देवापुढे नेलं, आणि देव म्हणाला, ह्या बरोबर बोलतात. माझ्या कामाचं पान ईयोबाच्या अगदी शेवटी आहे. मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं, असं एका ओळीत. सगळं गमावून परत मिळालेल्या माणसाला हे सुचलं, ह्याचं मला नवल वाटतं.

कायद्याचं तर विचारूच नकोस, तो सरळ आहे. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकी मुलांना सारखं, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. आई आधीच गेलेली, म्हणजे साडेतीन एकरांचे तीन भाग. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत भावाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर २००५ साली मिळाला, तेव्हा दादाच शाळेत त्यावर भाषण देऊन आला होता. तू केरळच्या मेरी रॉयचं नाव घेशील म्हणून आधीच सांगते: त्यांच्याकडे त्रावणकोरचा १९१६ चा कायदा होता, मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते. त्या भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ ला जिंकल्या. मला जायचं नाही. माझ्यात तेवढा दम नाही आणि दादावर तेवढा रागही नाही.

इथेच घोडं अडतं. राग असता तर सोपं होतं. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं वहिनीने केलं. मी सुट्टीत जायचे, संत्री घेऊन, दोन दिवस पाय चेपून परत. उधळ्या पुत्राचा दाखला, धाकटा सगळं उडवून परत येतो आणि बाप मेजवानी घालतो तो, आपण लहानपणापासून ऐकतोय, आणि थोरल्या भावावर प्रत्येक पाळकाने तोंडसुख घेतलंय, की बघा कसा कुढा. मला हल्ली त्याची दया येते. तो शेतातून थकून येतोय, घरात गाणंबजावणं चाललंय आणि त्याला नोकराकडून कळतं. त्याला कुणी बोलवायला माणूससुद्धा पाठवलेलं नाही! बाप बाहेर येऊन समजावतो खरा, पण आधी करडूही मिळालं नव्हतं हे त्याचं म्हणणं बापाने खोडून काढलेलं नाही. दादाला मी कधी म्हटलंय का, की तू अण्णांचं केलंस म्हणून मी निवांत नोकरी करू शकले? त्याच्या पानात पुरणपोळी वाढलीय, ओवाळणी घातलीय, पण हे नाही म्हटलं.

पण म्हणून सही करायची का? धाकट्याने तर केली. त्याला पुण्यात फ्लॅटचे हप्ते आहेत, दादाने रोख दिली, विषय संपला. माझ्यापुढेही वहिनीने पाकीट ठेवलं होतं, "अण्णांनी तुमचं लग्न करून दिलं, तरी हे घ्या." लग्न भावांचं पण करून दिलं ना गं अण्णांनी?

आणि मग लूक बारा. गर्दीतला तो माणूस, गुरुजी, माझ्या भावाला सांगा वतनाची वाटणी करायला. येशू त्याला सरळ झटकतो: मला तुमच्यावर वाटण्या करणारा कुणी नेमलं? आणि लगेच सगळ्यांना सांगतो, लोभापासून सांभाळा, आणि कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या त्या श्रीमंताची गोष्ट. हा उतारा मी टाळत होते. त्या माणसाचं म्हणणं कदाचित रास्त असेल, त्याचा भाऊ खरंच हिस्सा दाबून बसला असेल. तरी येशू त्याची बाजू घेत नाही आणि भावाचीही घेत नाही. त्याने मला विचारलं तर? बाई, तुला ते एक एकर सहा-सात गुंठे कशाला हवेत? पेन्शन आहे, घर आहे, पोरगा कमावतोय. ऊस मी लावणार नाही, कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीला रात्री मी उठणार नाही. खरं उत्तर एकच आहे. सातबाऱ्यावर अण्णांच्या नावाखाली माझं नाव लागावं. दोन्ही मुलं आणि मुलगी, अशी तिघं. ह्याला लोभ म्हणायचं का, ते तू सांग. मी ठरवू शकले नाही.

म्हणून पेला घेतला नाही. मत्तय पाच: वेदीजवळ देणगी आणलीस आणि आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर देणगी तिथेच ठेव आणि आधी जा, समेट कर. बघ, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते येशू विचारतच नाही. दादाच्या मनात आहे, हे मला पक्कं माहीत. म्हणजे उठून जायचं मी.

मग गेले. सोमवारीच, कारण पुढच्या रविवारपर्यंत धीर टिकला नसता. दादा मोटारीचा स्टार्टर खोलून बसला होता, हात काळे. मी म्हटलं, सही करणार नाही. नोंद तिघांची होऊ दे. कसायचं तू, पीक तुझं, मला पोतंभर गहूसुद्धा नको, आणि तसं लिहून देते. आणि अण्णांचं वहिनीने केलं ते माझ्याने झालं नसतं, हेही म्हटलं. तो पहिलं ऐकून लाल झाला आणि दुसरं ऐकून स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला, जो त्याच्या हातात होता. "धाकट्याने दिलं की सोडून," म्हणाला. मी म्हटलं, त्याने विकलं. मग थोडा वेळ आम्ही मोटारीबद्दल बोललो. वहिनीने चहा दिला, बिनसाखरेचा, न सांगता. "विचार करतो," एवढंच दादा शेवटी म्हणाला. अजून करतोय.

आता पुढचं प्रभुभोजन आलं. काहीच मिटलेलं नाही. पण पहिले करिंथच्याच अकराव्या अध्यायात पौल म्हणतो ते मी पुन्हा पाहिलं. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं-प्यावं. परीक्षा करून घरी बसावं असं नाही म्हटलेलं. ह्या खेपेला घेईन म्हणते. ट्रे कुणाच्या हातात आहे ते बघणार नाही. तुला काय वाटतं? हॉस्टेलात तू बोट ठेवून वचन काढायचीस तसं नको, नीट वाचून सांग.

लेकीचा व्हिसा झाला का? मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्याआधी उरकून घे, दुसऱ्यांना सांगत फिरतेस तेवढं. भाऊजींना सलाम. लोणच्याची बरणी परत द्यायची राहिली आहे, ती माझी आहे, विसरू नकोस.

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू लगेच माझी बाजू घेतेस.

तुझी,
अक्की