असईचे शिपाई लंडनच्या बाजारात

संपादकसाहेब, स. न.

मी नॉटिंगहॅमला राहतो, वॉरगेमिंगचा नाद आहे, म्हणजे २८ मिमीचे शिपाई रंगवायचे आणि टेबलावर लढाया खेळायच्या. असे शिपाई बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं हेडक्वार्टर इथलंच, पण १८०३ ची इंग्रज-शिंद्यांची असईची लढाई मांडायची तर शिंद्यांचे गोलंदाज कुठल्या दुकानात मिळणार? शेवटी लंडनला एक्सेल या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या सॅल्यूट या वॉरगेमिंगच्या बाजाराला गेलो, तिथं पाकीट हातात घेऊन बघता येतं, संगिनी वाकल्यात का, पगड्या नीट आल्यात का, आणि पोस्टेजही वाचतं. रंग-ब्रश मात्र मी गल्लीतल्या दुकानातूनच घेतो, दोन पौंड जास्त गेले तरी चालतील, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, खरखरीत का बसला ते तिथला पोरगा शिपाई बघूनच सांगतो हो! असई जालना जिल्ह्यात, मग असा बाजार निदान पुण्यात तरी भरवा की कुणीतरी.

– एक वाचक, नॉटिंगहॅम