पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढायचा आदेश द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर शिकवतो. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सोबतच्या बाईंकडे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. आजी-आजोबांकडे राहणारी पोरं सोडली तर वर्ग ओस पडतो. गेलेली पोरं परत दिसतात ती पाडव्याच्या आसपास.

चार वर्षांपूर्वी दुसरीतली एक मुलगी निघायच्या आदल्या दिवशी आली आणि म्हणाली, "सर, कोल्ह्याचं पुस्तक संगं नेऊ का?" मी दिलं. मार्चअखेर ते परत आलं तेव्हा मुखपृष्ठ नव्हतं, शिलाई उसवली होती, दोन पानांच्या कडा चुलीजवळ करपल्या होत्या. पण पोरगी ते घडाघडा वाचत होती. जाताना तिला जोडाक्षरावर बोट ठेवून थांबावं लागायचं. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, रोज संध्याकाळी धाकट्या भावाला तिनं तेच पुस्तक वाचून दाखवलं होतं, आणि अडलं की मुकादमाच्या मोठ्या पोराला विचारलं होतं.

त्याच वर्षी तपासणी झाली. नोंदवहीत शेरा पडला: पुस्तक खराब, किंमत संबंधितांकडून वसूल करावी. पस्तीस रुपये मी भरले. पैशाचं काही वाटलं नाही. पण त्या शेऱ्यानं मी भ्यालो, आणि पुढचं अख्खं वर्ष कपाटाला कुलूप लावून ठेवलं. त्या वर्षी दुसरीत असलेल्या पोरांचा मी गुन्हेगार आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला पुस्तकांसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, आणि तेही २०२६-२७ पर्यंत. म्हणजे कायदा आहे, पैसा आहे, मुदतही ठरली आहे. आणि पुस्तकं कपाटात आहेत.

कुलूप काढल्यावर मी वर्ग कसा मांडला ते सांगतो, कारण त्याला खर्च जवळजवळ आला नाही. खिडकीकडच्या भिंतीला दोन सुतळ्या बांधल्या, पहिलीच्या मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्यावर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावली, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. ज्याला अजून वाचता येत नाही तो पुस्तक चित्रावरूनच निवडतो, कपाटातली उभी कड त्याला काय सांगणार? खाली सतरंजी. आमच्या बोलक्या भिंती रंगवल्या मोठ्यांच्या उंचीवर, सुविचार तर छताला टेकलेले. पोरांच्या हाताला लागते ती खालची तीन फूट भिंत. तिथं काळा पट्टा मारला, पोरं त्यावरच लिहितात.

मुळाक्षरं मी सरळ 'अ'पासून घेत नाही. म, न, र, क आणि काना एवढं आलं की मान, नाक, कान, मार असे शब्द पोरं त्याच आठवड्यात वाचतात. कार्ड जुन्या लग्नपत्रिकांची. रोज सकाळी एक पोरगं एक वाक्य सांगतं, ते मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहितो. "काल आमच्या म्हशीला वगार झाली." हे वाक्य वर्गानं दिवसभरात किती वेळा वाचलं असेल, मोजलं नाही. पाठ्यपुस्तकातलं वाक्य कुणी असं पुन्हा पुन्हा वाचत नाही.

तांड्यावरची पोरं हेच वाक्य गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगतात. तेही तसंच, देवनागरीत लिहून घेतो, खाली मराठी. किनवटकडे गोंडी, कोलामी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी. मराठवाड्यातल्या किती तरी पोरांना शाळेतली मराठी पहिल्या दिवशी परकीच असते. त्यांच्या घरचा शब्द भिंतीवर दिसला की ती बोलायला लागतात, आणि बोलणाऱ्या पोराला वाचायला शिकवणं सोपं जातं.

मला नवीन योजना नको, टॅब नको. एक शासन निर्णय हवा. वाचून फाटलेलं किंवा हरवलेलं गोष्टीचं पुस्तक मुख्याध्यापकांच्या सहीनं निर्लेखित करता यावं, म्हणजे नोंदवहीतून कमी करता यावं, आणि त्याची वसुली कुणाकडूनही होऊ नये. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी पुस्तकं किती शिल्लक आहेत हे विचारण्याआधी, ती कोणत्या पोराच्या घरी आहेत हे विचारावं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलासोबत दोन पुस्तकं अधिकृतपणे पाठवायची मुभा द्यावी, परत येवोत न येवोत.

टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात. एकदा ट्रक निघाला की पाडव्यापर्यंत पोराच्या हातात काही देता येत नाही. म्हणून हा निर्णय घटस्थापनेच्या आत शाळांपर्यंत पोचावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
बीड जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षक